पाचव्या महिन्याचे मार्क

झेरॉक्सच्या मशीनमधून कागद सरकत बाहेर आला आन् लुंबिनीला त्यावर आपलंच अक्षर दिसलं. आली होती ती आधार कार्डाच्या दोन प्रती काढायला. नांदेडात नर्सिंग कॉलेजाच्या फाटकासमोरच पंचाक्षरीचं दुकान, आन् जेवणाच्या सुट्टीत तिथं कधी नव्हं ती गर्दी नव्हती. पंचाक्षरी कुणाची तरी वही पानामागं पान काचेवर पालथी घालून राहिला होता. कागद भाकरीसारखा गरम. त्यावर एका पोरीचं बारीक, उजवीकडं कललेलं अक्षर, त्यावरून कानफडात मारल्यासारखी आडवी रेघ, आन् बाजूला ठसठशीत ओळ: ‘हू टोल्ड यू धिस? राइट करेक्ट इंग्लिश.’ तुला हे सांगितलं कुणी, इंग्रजी नीट लिही. ती रेघ लाल होती. लुंबिनीनंच मारली होती, पंधरा दिवसांमागं, एका हातात चहाचा कप धरून. मशीनमधून ती काळी निघाली होती. पोरीचं निळं बी काळं, मॅडमचं लाल बी काळं. एकाच बाईनं आधी काही लिहावं आन् मंग आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी, असं ते पान दिसून राहिलं होतं.

“या मॅडम, बसा,” पंचाक्षरी खुशीत म्हणाला. “बगा, तुमच्याच कॉलेजची वही. अंबिका म्हणून पोरगी हाय, चाकूरकडली. काय तिचं इंग्रजी! पेशंट दुखण्यानं न्हाई, हसण्यानं मरंल.”

“मंग प्रती कामून काढून राहिलाव?”

“जुनी वही नव्या वहीसंगं जमा करायची म्हणे. तिला एक नक्कल आपल्यापाशी ठेवायचीय. आन् नवी वही कुणी केली विचारा की! म्या. मोबाईलात टाकलं, फटकन फस्क्लास इंग्रजी बाहेर. तुमच्या मोठ्या मॅडमला जमणार न्हाई असलं. पोरीनं निसतं बसून उतरवून काढलं. आता कोण नापास करतंय बघतो.”

लुंबिनी बसली न्हाई. आधार कार्ड तसंच पर्समध्ये घालून ती रस्ता ओलांडून परत निघाली. कान तापले होते. नोव्हेंबरचं ऊन काही तापायचं नव्हं, तरी तापले होते. आपला कुणी अपमान केला का? न्हाई. पंचाक्षरी तर तिच्याच बाजूनं बोलला. तेच तर झोंबत होतं, आपली बाजू आता ही हाय. ती वही तिला आठवत होती. दिवाळीच्या सुट्टीत पोरींनी आपापल्या गावातलं एक घर धरायचं, घरात कोण कोण, खातात काय, आजार काय, कुणी पोटुशी हाय का, सगळं विचारून इंग्रजीत वही करायची. पन्नास मार्क. पंचवीसच्या खाली आली की वही परत, आन् दुसऱ्यांदा बी खालीच राहिली की परीक्षेला बसायचं न्हाई, वर्ष गेलं. चाकूरकडच्या पोरीचं वर्ष जातं म्हणजे वर्षच जात न्हाई, पोरगीच जाते. घरचे म्हणतात, झालं तेवढं बास, आन् उन्हाळ्यात हळद लावून मोकळे होतात. अंबिकाला लुंबिनीनं दिले होते एकोणीस. पन्नासातले दहा मार्क भाषेचे, ही प्राचार्य उमादेवी मॅडमची यंदाची नवी काढणी. त्या दहांपैकी शून्य. मंग तेवढ्यावर बी थांबली न्हाई. मांडणीचे कापले, माहितीचे बी कापले. भाषा घाण दिसली की सगळंच घाण दिसतं. दारात चिखलाचे पाय दिसले की घरातल्या माणसाचं तोंड कोण बघतंय?

उमादेवी मॅडमचं इंग्रजी मात्र असं, की त्या बोलायला लागल्या की वर्गातला पंखा सुद्धा अदबीनं फिरायचा. ‘गुड मॉर्निंग’ म्हणाल्या की हजेरीच्या वहीतली दुमडलेली पानं आपोआप सरळ व्हायची. बाई वाईट नव्हत्या. दहा मार्कांचा नियम काढला त्या दिवशी त्यांनी सगळ्या मॅडमांना बोलावून सांगितलं होतं, “माझ्या डोळ्यांदेखत वॉर्डात एक माणूस गेला. डॉक्टरांनी लिहिलेलं सिस्टरला नीट वाचता आलं नाही, म्हणून गेला. भाषेची चूक म्हणजे डोसची चूक. आणि नियम सगळ्यांना सारखा, यात कुणावर अन्याय नाही.” मंग मान वळवून, सगळ्यांच्या देखत, कौतुकानं: “लुंबिनी मॅडमकडे बघा ना. त्या कुठून आल्यात. त्या शिकल्याच ना?” कुठून आल्यात. लुंबिनी तवा हसली होती. गालांना सवय झाली होती त्या हसण्याची. घरी जाऊन भांडी घासताना मातर तिला कळलं, की आपण पातेल्याला तळ राहतो का जातो इतकं घासून राहिलोत.

कुठून आली ती? निलंग्याच्या पलीकडून, जिथं एका फर्लांगावर कर्नाटक लागतं आन् कोंबडा इकडं मराठीत आरवला की तिकडं कानडीतली माणसं उठतात. तिची आजी नागुबाई दाई होती, आन् तिच्यासारखी थापाडी बाई पंचक्रोशीत झाली न्हाई. म्हणायची, “म्या तीन भाषांत बाळंतपणं केली बाई. पोर कानडीत बाहेर काढायची, नाळ मराठीत कापायची, आन् न्हाऊ उर्दूत घालायची. एकदा काय झालं, शिकलेला एक डाक्टर आला गावात. बाई अडलेली. त्यो आपला वरडतोय इंग्रजीत, पुश, पुश! आता पोटातल्या लेकराला काय ठावं पुश म्हंजे? त्ये बसलं हटून. म्या डाक्टराला सारलं बाजूला, वाकले, आन् म्हनले, बा मगा, बा. ये माझ्या सोन्या. तसं सुळकन् भायेर! वर डाक्टराकडं बगून हसलं.” लुंबिनी पाचवीत होती तवा विचारायची, आजी, नुकतं झालेलं लेकरू हसतं व्हय? नागुबाई म्हणायची, “बोलावणं कळालं तर कामून न्हाई हसणार?”

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर लुंबिनी थांबली. धाप लागली न्हाई, उगंच थांबली. लातूर आठवलं. नर्सिंगचं पहिलं वर्ष, बायांचा वॉर्ड, फिनेलचा वास, आन् खाटंवर एक म्हातारी, पाय सुजून खांबासारखे. ट्यूटर मॅडमनं विचारलं, पेशंटला काय झालंय? लुंबिनीला सगळं ठावं होतं. रातभर म्हातारीला दम लागत होता हे ठावं होतं, लघवी कमी झाली हे ठावं होतं, बोटानं दाबलं की पायात खड्डा पडतो आन् मिनिटभर भरत न्हाई हे तर तिनंच सगळ्यांच्या आधी बघितलं होतं. ती म्हणाली, “हर लेग इज बिकम पाणी.” मॅडम म्हणाल्या, “अगेन.” तिनं परत म्हटलं. “अगेन.” तिसऱ्या वेळेला पोरी हसायला लागल्या, नातेवाईक हसायला लागले, समोरच्या खाटंवरची सलाईन लावलेली बाई बी हसली. तेवढ्यात म्हातारीच उठून बसली. “अगं बाई, कामून छळताव पोरीला? पाय माझा हाय. मला कळालं ती काय म्हनली, तुमाला कामून कळंना?” आन् गंमत बघा, लुंबिनीला राग मॅडमचा आला न्हाई. म्हातारीचा आला. हिनं कशाला माझी बाजू घेतली? आता तर मी हिच्यातलीच झाले! त्या दिवसापासून तिनं तोंडातलं निलंगा मारायला घेतलं. नव्या चपलेनं टाच सोलावी तशी जीभ सोलली. आधी रक्त, मंग घट्टा, मंग काहीच न्हाई. बीएस्सी, एमएस्सी. आता झोपेत सुद्धा तिची वाक्यं इस्त्री केलेली असायची. आन् हातात लाल पेन आलं तवा तिला त्या मॅडमचं तोंड आठवलं न्हाई, त्यांचं ‘अगेन’ आठवलं. घट्ट्याला दुसऱ्याची कातडी कळत न्हाई.

स्टाफरूमात तिच्या टेबलावर दोन्ही वह्या एकावर एक ठेवलेल्या होत्या. ती जिन्यावर उभी होती तेवढ्यात अंबिका पंचाक्षरीकडून वह्या उचलून दुसऱ्या जिन्यानं पळत येऊन ठेवून गेली असणार. वरची नवी, तपकिरी कव्हर घातलेली. लुंबिनीनं उघडली. इंग्रजी खरंच फस्क्लास होतं. साहेबी. प्रत्येक वाक्य टाय लावून उभं. पोटुशी बाईचं पान आलं: रेणुका, वय चोवीस, दुसरं बाळंतपण, पाचवा महिना, त्यावरून काढलेली बाळंतपणाची तारीख, तब्येत समाधानकारक. लुंबिनी दोनदा वाचून पुढं गेली आन् मंग मागं आली. पाचवा? खालची जुनी वही तिनं ओढली. तेच पान. आपली रेघ. रेघेखालचं तिनं आज पहिल्यांदा वाचलं, म्हणजे चुका मोजायला न्हाई, वाचायला म्हणून वाचलं. ‘शी इज टेलिंग फाइव्ह मंथ. बट इट इज सिक्स. इन आवर साइड वुमन इज हायडिंग वन मंथ. इन मिरग सोइंग शी वॉज व्हॉमिट, आय सी विथ माय आइज.’ बाई पाच सांगते, पण हायत सहा. आमच्याकडं बाया एक महिना लपवतात. मिरगाच्या पेरणीला ती शेतात ओकत होती, म्या डोळ्यानं बघितलंय.

तिचं बोट त्या ‘आवर साइड’वर थांबलं. आमच्याकडं. अगं, आमच्याकडं! हे तिला ठावं नव्हतं व्हय? दिवस राहिले की नजर लागू नये म्हणून बाहेरच्याला एक महिना कमीच सांगायचा, हे निलंग्यात कुत्र्याला सुद्धा ठावं. नागुबाईची तर त्यावर केवढी मोठी थाप होती. “तुझ्या बापाच्या वक्ताला म्या एक सोडून तीन महिने लपवले. मंग काय, लोकांच्या मोजणीनं पोरगं सहाव्यातच झालं, आन् ते बी चार किलोचं! पाच गावची माणसं बघायला. निलंग्याचा डाक्टर घोड्यावर बसून आला, त्यानं वहीत लिवलं, चमत्कार! जा बग जाऊन. त्या वहीत तुझा बाप अजून सहाच महिन्यांचा हाय.” सगळी हसायची. बाप सुद्धा हसायचा. पण नागुबाईनं दुसरी एक गोष्ट कधीच सांगितली न्हाई, म्हणून ती खरी होती. महामाया आत्याची. आत्यानं शहरातल्या एका दवाखान्यात एक महिना कमी सांगितला, सांग म्हणून नागुबाईनंच शिकवलेलं. तिथल्या बाईनं तेवढंच लिहून घेतलं. नवव्यात पोट दुखायला लागलं तवा कागद बघून म्हणाले, अजून महिना आहे, हे खरं दुखणं नव्हे, घरी जा. नागुबाई तिथंच उभी होती, चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई, आन् ती म्हणत होती, न्हाई ओ, दिवस भरल्यात, आमच्यात लपवून सांगत्यात. तिचं बोलणं ऐकून कुणी तरी म्हणालं, आजी, आधी नीट बोला, काय म्हणताय ते कळत नाही. एसटीची वाट बघत बाभळीखाली झालं लेकरू. निळं. रडलं न्हाई. नऊ वर्षांची लुंबिनी जेवणाचा डबा धरून उभी होती, आन् आजी त्या निळ्या तोंडाजवळ वाकून म्हणत होती, बा मगा, बा.

पंचवीस-तीस वर्षांनी एक पोरगी उठते, जिला ते कळतं बी आन् लिहिता बी येतं. बाई सांगते काय आन् हाय काय, दोन्ही मांडते, वर पुरावा देते, पेरणीला ओकत होती म्हणून. आन् मी विचारते, हू टोल्ड यू धिस? लुंबिनीला आपला हात टेबलावर परक्यासारखा पडलेला दिसला. राग आता कुठं तरी पोटाखालून वर येऊन राहिला होता, दूध ऊतू जायच्या आधी कडेनं फुगतं तसा. उमादेवी मॅडमवर आला. पंचाक्षरीच्या मोबाईलवर आला. अगेन म्हणणाऱ्या त्या बाईवर, वीस वर्षं उशिरा, आला. शेजारच्या कपाटात त्याच वर्गातल्या एका डॉक्टरच्या लेकीची वही होती, तिला आपणच सेहेचाळीस दिलेत, पुस्तकातून उचललेली पानंच्या पानं, त्यातल्या घरात माणूस राहतंय का न्हाई हे बी कळत न्हाई, त्यावर आला. घरात इंग्रजी बोलतात त्यांचं पोर उंबऱ्यावर बसून दहा मार्क खातं, आन् नियम सारखा म्हणे. डोसात चूक झाली तर कापा ना, मानगूट धरा! ‘आर’च्या जागी ‘इज’ लिहिल्यानं कोण मेलं आजवर? पण फिरून फिरून राग येऊन बसला तो त्या आडव्या रेघेवरच. ती रेघ उमादेवी मॅडमची नव्हती.

तिनं शिपायाकरवी अंबिकाला बोलावलं. पोरगी दारातच उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

“मे आय कमिन मॅडम?”

“ये. ही नवी वही कुणी लिहिली?”

“म्या... आय ओन्ली, मॅडम.”

“मराठीत बोल.”

अंबिकानं दचकून बघितलं. ह्या मॅडमच्या तोंडून मराठी म्हणजे भिंतीतून पाणी आल्यासारखं. “अक्षर माझं हाय मॅडम. इंग्रजी झेरॉक्सवाल्या काकांच्या मोबाईलाचं हाय.”

“आन् पाचवा महिना कुणाचा?”

“काका विचारत होते, मोबाईल अडून राहिला म्हणाले, पाच का सहा एक काय ते सांग. तुम्ही सहाच्या ओळीवर रेघ मारलेली. मंग म्हटलं, पाच करा.”

“हाय कितवा?”

“दिवाळीला सहावा होता मॅडम. आता सातवा लागला.” अंबिकानं मान खाली घातली आन् अगदी हळू, समजूत घातल्यासारखं म्हणाली, “पण मार्क पाचव्याला हायत ना.”

लुंबिनीला वाटलं होतं पोरगी रडंल. तिनं तर हिशेबच मांडला होता, शहाण्या माणसासारखा. शिकली होती ती. काय शिकवायचं ते आम्ही बरोब्बर शिकवलं, लुंबिनीच्या मनात आलं. “रेणुकाला फोन लाव,” ती म्हणाली. “आशाताईला लाव. नोंद कुठं कुठं पाचवा म्हणून केलीय विचार.”

“अजून कुठंच न्हाई मॅडम. दवाखान्यात ती गेलीच न्हाई. तुमच्या कॉलेजची वही गेली की त्यावरून करते म्हणाली आशाताई.”

हां. ते होतंच. पास झालेल्या वहीची एक झेरॉक्स त्या त्या गावच्या उपकेंद्राला पाठवायची, ही बी उमादेवी मॅडमचीच काढणी, आन् चांगली काढणी. म्हणजे आज टेबलावरच्या दोन वह्यांतली जी पास होईल, ती चाकूरला जाणार होती. फस्क्लास वही गेली तर जानेवारीत रेणुकाचं पोट दुखंल आन् कुणी तरी कागद बघून म्हणंल, अजून महिना आहे. लुंबिनीनं नवी वही अंबिकाच्या हातात दिली. “ही घरी ने. चुलीला लाव, न्हाई तर कव्हर चांगलं हाय, दुसऱ्या कशाला घाल.” मंग जुनी वही उघडून एकोणीसावर काट मारली आन् लिहिले बेचाळीस. भाषेचा रकाना कोराच ठेवला, ते दहा बी माहितीतच धरले. पोरगी बघत होती. तिला धड हसता येईना, धड पळता येईना. “चल,” लुंबिनी म्हणाली, आन् तिला घेऊन प्राचार्यांच्या खोलीकडं निघाली. व्हरांड्यात तिच्या चपला इतक्या वाजल्या, की तिसऱ्या मजल्यावरची कबुतरं उडून थेट गोदावरीच्या पलीकडं जाऊन बसली म्हणतात.

उमादेवी मॅडमनं वही चष्म्यातून बघितली, मंग चष्म्यावरून बघितली. “एकोणीसचे बेचाळीस? त्याच वहीला? लुंबिनी मॅडम, असं नाही करता येत. भाषेचे दहा आहेत.”

“भाषा तपासायला वही ठेवली असंल तर दहाचे पन्नास करा. ही वही बाई तपासायला ठेवलीय. पोरीनं बाई बरोबर तपासली. म्या वही चुकीची तपासली.”

“म्या?” मॅडमच्या भुवया वर गेल्या. “चिडलाय तुम्ही. अहो, मी हिच्या भल्यासाठीच म्हणते. उद्या ही मुलगी बाहेर जाईल, कोण घेईल हिला? तुम्ही स्वतः जिद्दीनं शिकलात...”

“माझं नाव घेऊ नका, मॅडम.” आवाज एवढा चढला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. “माझं उदाहरण देऊन देऊन पोरी कापल्यात तुम्ही. म्या बी कापू दिल्या. शिकवा ना इंग्रजी! मीच शिकवते, रोज एक तास जास्तीचा घेते. पण शिकवायच्या आधी कापायचं, आन् कापताना आत काय लिहिलंय ते वाचायचं बी न्हाई? ही वही कापली ती म्या. हिनं सहा लिहिलं नसतं तर त्या बाईचं लेकरू गेलं असतं, तिकडं कुणालाच कळलं नसतं, आन् मोबाईलाच्या इंग्रजीवर हिला बी सेहेचाळीस मिळाले असते!”

अंबिका भिंतीला चिकटली होती. उमादेवी मॅडमनं पेपरवेट फिरवला. त्यांना पटलं का न्हाई, ते त्यांच्या तोंडावरून कधीच कळायचं न्हाई. मंग ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून पुढं सरकवला. “मार्क बदलले तर कारण लिहावं लागतं. ऑफिसचं कामकाज इंग्रजीत. लिहा, सही करा. चौकशी झाली तर ती तुमच्यावर, हे लक्षात ठेवा. आणि फॉर्म वहीला जोडला जातो, वहीबरोबर जिथे जाईल तिथे जातो.”

लुंबिनी बसली. पेनाचं टोपण काढलं. डोक्यात वाक्य तयारच होतं, इस्त्रीचं, वीस वर्षांच्या मेहनतीचं, एकसुद्धा सुरकुती नसलेलं. ते तिनं तसंच राहू दिलं. वही उघडून समोर ठेवली, आन् लहानपणी पाटीवर गिरवावं तसं, एक एक अक्षर बघून, फॉर्मवर उतरवून काढलं: ‘शी इज टेलिंग फाइव्ह मंथ. बट इट इज सिक्स. इन आवर साइड वुमन इज हायडिंग वन मंथ.’ खाली सही केली. सहीखाली एमएस्सी नर्सिंग लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख टाकली.

उमादेवी मॅडमनं वाचलं. “हे काय इंग्रजी आहे, लुंबिनी मॅडम?”

“माझं हाय.”

तिनं फॉर्म वहीला टाचला, अंबिकाला पुढं घातलं आन् पंचाक्षरीच्या दुकानाकडं निघाली. चाकूरला प्रत पाठवायची होती. घाईत फॉर्म लाल पेनानंच लिहिला गेला होता. त्याचं काही न्हाई. झेरॉक्समध्ये ते काळंच निघणार होतं.